तिसरी हाक

पहिली पाळी सुटली की पिंपरीहून सायकल मारत कासारवाडीला यायचं, स्टेशनाजवळच्या रहीमभाईच्या दुकानात चाकांची हवा बघून घ्यायची आणि मग पवनेच्या काठाला उतरून सायकलसकट नावेत बसायचं, हा माझा सांगवीला परतायचा रोजचा रस्ता. रहीमभाई हवा कमी भरतो आणि बोलतो जास्त, त्यामुळे माझी नाव हमखास चुकते आणि मी रोज त्याच्यावर चिडतो. त्या दिवशी मात्र तो दुकान सोडून रस्त्यातच उभा होता. मी उतरायच्या आत त्यानं हँडल धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, आज थांबू नका. नाववाला सांगून गेला. अनसाबाई गेल्या." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेल्या?" त्यानं माझी सायकल नदीच्या दिशेला वळवून दिली. नावेत बसल्यावर मला रडू यायला हवं होतं, कारण त्या बाईनं माझं घर तीन वर्षं धरून ठेवलं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती... आज तिन्हीसांजेला मालूला हाक कोण मारणार? मालू म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नुकतीच सात वर्षांची झालेली. हा प्रश्न वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. तो किरकोळ का नव्हता, हेच मला या लेखात सांगायचं आहे.

घरी पोचलो तर अनसाबाईंच्या ओसरीवर सात-आठ पोरं ओळीनं बसली होती. रडत कुणीच नव्हतं. शेजारच्या सरूबाईंनी सांगितलं, की दुपारी पोरांना निजवता निजवता बाई भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. झोळीची दोरी हातातच राहिली. मोठ्या पोरांना वाटलं मावशीचा डोळा लागला, म्हणून त्यांनी एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून अख्खी दुपार आवाज केला नाही. मालू मला म्हणाली, "मावशी दमली होती ना बाबा, म्हणून आम्ही शहाण्यासारखं बसलो." सरूबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी आले तवा हात गार पडला हुता बाईंचा. पर झोळी हलत हुती." झोळीतलं पोर गाढ झोपलेलं होतं. मी औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात काम करतो. यंत्र बिघडलं की कारण शोधायचं, ही माझी सवय. मी मनात म्हटलं, वाऱ्यानं हलली असेल. पण त्या दुपारी पानही हलत नव्हतं, असं सगळेच सांगतात.

सांगवी हे गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं आहे. एका बाजूला पवना, तिच्यापलीकडे कासारवाडी, रेल्वे, हमरस्ता आणि माझा कारखाना. दुसऱ्या बाजूला मुळा आणि तिच्यापलीकडे औंधच्या बाजूचा क्षयाचा दवाखाना. मी मूळचा बार्शीकडचा. छप्पन साली माझी बायको सुमन हिला त्या दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा तिच्या जवळ राहता यावं म्हणून मी सांगवीत खोली घेतली. आमच्या कारखान्यातलं औषध देशभर जात होतं आणि नेमकं तिच्या दुखण्यावर चालत नव्हतं. मालू तेव्हा चार वर्षांची. आठवडा पहिल्या पाळीचा, आठवडा दुसऱ्या पाळीचा, अशात चार वर्षांच्या पोरीला एकटा पुरुष कसा सांभाळणार? बार्शीची माझी ताई म्हणाली, "तिला माझ्याकडं आणून सोड, बापाच्यानं पोर निभत नाही." तिचं काही चूक नव्हतं. तिच्या घरी माणसं होती, दूधदुभतं होतं. पण मालू गेली असती तर सुमननं अंथरूण कधी सोडलंच नसतं, असं मला वाटत होतं. खोलीत सामान लावत होतो तेव्हा समोरच्या ओसरीवरून एक उंच, वाळकी, कपाळ मोकळं असलेली बाई आली. काही न विचारता तिनं मालूचा हात धरला, आणि म्हणाली, "पोरगी उपाशी हाय. तुमी लावा सामान, मी हिला खाऊ घालून आनते." त्या अनसाबाई.

गावातल्या ज्या बायका वीटभट्टीवर, रानात, नाहीतर खडकीच्या बाजूला कामाला जात, त्यांची पोरं अनसाबाईंकडे असत. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. लग्नानंतर लवकरच नवरा वारला आणि त्या माहेरी, सांगवीला परत आल्या. त्या दिवसभर काय करत, हे सांगायला बसलं तर सांगण्यासारखं काही निघत नाही. नाकं पुसायची. खरूज झालेल्या बोटांना करंजेल लावायचं. कोण कुणाला चावलं त्याचा न्याय करायचा. जे पोर जेवत नाही त्याच्यासाठी भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करायचा, आणि जे फार जेवतं त्याला कुणी हावरट म्हणालं तर त्या म्हणणाऱ्याची सालटी काढायची. कुणी विचारलं, बाई तुम्ही काम काय करता, तर त्या म्हणत, "काम कसलं? बसल्या जागी पोरं बगते." गावालाही तसंच वाटायचं. संध्याकाळी बायका पोर उचलून न्यायच्या आणि म्हणायच्या, "अनसाक्का काय, बसून तर आसती." मला याचा फार राग यायचा. आम्ही कारखान्यात एक बाटली फुटली तर चार साहेब गोळा होतात आणि इथं एक बाई दहा-बारा जिवंत मुलं रोज सकाळी घेऊन रोज संध्याकाळी अखंड परत करते, त्याला बसणं म्हणायचं!

त्या मुलांना त्यांनी एकच नियम घालून दिला होता. तिन्हीसांजेला नदीच्या बाजूनं कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक आली तरच ओ द्यायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. त्या हसल्या नाहीत. "आमी नदीकाठची मानसं, भाऊ. जे मेलेलं आसतं ते एकदा हाक मारतं. तिसरी त्याला मारता येत न्हाई. तिसरी हाक जित्या मानसाची." मी म्हटलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तेव्हा त्या नदीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ पहिल्याच हाकंला ओ देऊन उठला. आमी जेवत हुतो. आमाला कुनाला हाक ऐकू आली न्हाई. त्यो 'आलो' म्हनला आन् पान्याकडं चालत गेला." 

दवाखान्यात लहान मुलांना आत सोडत नसत. सोडलं असतं तरी सुमननं मालूला जवळ येऊ दिलं नसतं. आपल्या श्वासातून दुखणं पोरीला लागेल, ही धास्ती तिनं इतकी घेतली होती की मी रविवारी भेटून आलो की हातपाय धुतल्याशिवाय मालूला शिवायचं नाही, अशी शपथ तिनं मला घातली होती. मालूला बघायचंही नाही, म्हणायची. एकदा अनसाबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरीला आत सोडत न्हाईत, बरं. पर मदी नदी हाय की. एवढ्या पान्यावरनं रोग येतुय व्हय?" हे मी सुमनला जाऊन सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली. दवाखान्यातल्या ज्या रोग्यांना फिरायची मुभा होती ते संध्याकाळी झाडांखालून नदीच्या उतारापर्यंत येत. ठरलं असं, की तिन्हीसांजेला सुमननं पलीकडच्या उतारावर यायचं, अनसाबाईंनी मालूला अलीकडच्या काठावर आणायचं. सुमन हाक मारेल आणि मालू ओ देईल. तेवढंच.

पहिल्या संध्याकाळी मी सुट्टी काढून बरोबर गेलो. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं धरलेलं. पलीकडे झाडांखाली पांढरं लुगडं दिसलं, चेहरा दिसत नव्हता. आणि मग हाक आली, "मालूऽऽ..." संथ पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो, अगदी कानाशी बोलल्यासारखा. मी मालूकडे पाहिलं. तिनं मान वर केली, डोळे मोठे केले आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, ओ दे ना, आई आहे." ती हळूच म्हणाली, "एकच झाली बाबा." पलीकडे सुमनला खोकल्याची ढास लागली होती, तीही इकडं तितकीच स्वच्छ ऐकू येत होती. तिच्या छातीत दुसरी हाक मारायचं बळच नव्हतं. जिवंत बाई, पण हाक एकच. आणि पोरगी नियमाला पक्की. तिकडे ती माउली लेकीच्या आवाजासाठी झाडाला धरून उभी, इकडे ही तोंडाला कुलूप लावून.  तेवढ्यात अनसाबाई मालूच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि औंधच्या दिशेला तोंड करून त्यांनी सुमनच्याच लयीत हाक घातली, "मालूऽऽ..." आणि पुन्हा एकदा, "मालूऽऽ..." तिसरी हाक संपायच्या आत पोरगी टाचा उंचावून ओरडली, "ओऽऽ!" पलीकडचं लुगडं खाली बसलं. सुमन नंतर मला म्हणाली, की तिला तिथं बसून पोटभर रडता आलं.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. एक हाक आईची, दोन अनसाबाईंच्या. मी दुसऱ्या पाळीला असलो की यंत्रासमोर उभा असताना त्या वेळेला माझं लक्ष घड्याळाकडे जायचं आणि मनात यायचं, आता पहिली झाली असेल. सुमनला त्या हाकेसाठी उतारापर्यंत चालावं लागे, म्हणून ती नेटानं जेवत असे. डॉक्टरांनीही त्याबद्दल कौतुक केलं. तरी पुढच्या वर्षी, पुन्हा थंडीतच, ती गेली. तिचं सगळं आम्ही पलीकडेच केलं. मालूला मी काही नीट सांगू शकलो नाही. आई देवाकडे गेली, असं काहीतरी पुटपुटलो.

तेरावा झाल्यानंतर मी एक दिवस कामावरून परत आलो तर घरी मालू नव्हती. नदीकडे गेलो. धुक्यात दोघी नेहमीच्या जागी उभ्या होत्या, मालू पुढे आणि अनसाबाई मागे. मी वरच्या पायवाटेवर थबकलो. कुणी काही बोलत नव्हतं. पलीकडे झाडांखाली कुणी नव्हतं, मी नीट निरखून पाहिलं. मग मालूची मान वर झाली, अगदी पूर्वी व्हायची तशीच. अनसाबाईंनी हाक मारली, "मालूऽऽ..." पुन्हा मारली, "मालूऽऽ..." आणि मालूनं ओ दिली. हाका दोनच झाल्या होत्या.  मालू पळत पुढे गेल्यावर मी अनसाबाईंना गाठलं. रागात होतो. म्हटलं, "हे काय चालवलंय तुम्ही? पोरीच्या मनावर काय परिणाम होईल?" त्या शांतपणे पदर सावरत म्हणाल्या, "मला काय बी ऐकू येत न्हाई, भाऊ. खरं सांगते. पोरगी मान वर करती, मंग मी दोन घालते."

"आणि नाही घातल्या तर?"

"अर्धी हाक लई वाईट. ती वडत ऱ्हाते. माझ्या भावाला वडलं तसं. पुरी केली की पोर घरला येतं. त्या बाईला तरी कुटं पोरगी न्यायची हाय? तिला ओ पायजे नुसती. आई हाय ती."

मी तो रिवाज तसाच चालू दिला. दोन वर्षं त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नाही. तापानं फणफणल्या होत्या तेव्हा सरूबाईंच्या खांद्याला धरून आल्या आणि दोन हाका घालून परत जाऊन पडल्या. त्यांचं करणं हे एवढंच नव्हतं. मालूच्या केसांतल्या उवा त्यांनी काढल्या, तिला घाबरून उठायची सवय लागली ती मोडली, पाटीवरचं ग म भ न त्यांना स्वतःला येत नसताना तिच्याकडून गिरवून घेतलं. मी कधी आभार मानायला गेलो की म्हणायच्या, "पोर आपसूक वाढतं, भाऊ." मला ते कधी पटलं नाही. माझ्या घरात आपसूक झालेली एकही गोष्ट मला आठवत नाही.

आणि मग ती दुपार आली. त्यांना नदीवर नेलं तेव्हा त्यांनी वाढवलेले गडी खांदा द्यायला आपापसांत भांडले. एक ट्रकवर होता, एक लोणावळ्याच्या गाडीत भाजी विकणारा. त्या आठवड्यात हाक कुणीच मारली नाही, मी मालूला काठाकडे जाऊच दिलं नाही. पण पुढच्या आठवड्यात मला दुसरी पाळी लागली आणि माझं घर उघडं पडलं. सरूबाई मालूला जेवू घालत होत्या, पण त्यांची स्वतःची तीन. ताईला मी निरोप धाडला, की ये आणि मालूला घेऊन जा. तीन वर्षं जे टाळलं ते आता टळत नव्हतं. मालूला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "बार्शीला नदी कुठं आहे?" मी म्हटलं, लांब आहे. तर म्हणाली, "मग ऐकू कसं येणार?"

सरूबाई दोन-तीनदा कुरकुरल्या, "भाऊ, पोरगी सांजंला ओल्या पायानं घरी येती." मी म्हटलं खेळत असेल. मग एकदा मध्यरात्री उशिरा आल्यावर मला वळणीवर तिचा परकर वाळत घातलेला दिसला, किनार ओली. दोन-तीन दिवसांनी तो वीतभर ओला. मी तो हातात घेऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. पाणी रोज थोडं थोडं वर चढत होतं. का कोण जाणे, मला अनसाबाईंच्या भावाची आठवण झाली.

ताई आली त्या दिवशी मी रजा घेतली. दुसऱ्या सकाळची गाडी होती. ताई चुलीपुढे भाकरी थापत होती, मालूचं बोचकं बांधून झालं होतं. दिवेलागण झाली आणि मालू कुठं दिसेना. मी चपला न घालताच नदीकडे धावलो. काठावर कुणी नव्हतं. धुकं दाट होतं, पलीकडे दवाखान्याचे दिवे पुसट लुकलुकत होते. मग दिसली. पाण्यात होती, गुडघ्याच्या वर. पाठमोरी, स्थिर, औंधकडे तोंड करून.  धावत आत शिरावं तर ती दचकून पुढे पाऊल टाकेल, अशी भीती. मी काठावरूनच शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मालू, काय करतेस?"

तिनं मागे न बघता उत्तर दिलं, रोजचं काहीतरी सांगावं तसं. "थांबलेय बाबा. दोन झाल्या."

"कोणाच्या?"

"एक आईची. एक मावशीची. तिसरी कुणी मारतच नाही. मावशीला आता एकच येते ना." मग ती म्हणाली, "आणि पुढून जरा नीट ऐकू येतं."

मी कान दिला. पाण्याचा आवाज, लांब कुठेतरी मालगाडी, बाकी काही नाही. इतकी वर्षं त्या काठावर मी मालूला कधी हाक मारली नव्हती. मारायची गरजच पडली नव्हती, ते काम दोघी बायका करत होत्या, एक अलीकडून, एक पलीकडून. आता दोघीही पलीकडे होत्या. अलीकडे मी एकटाच उरलो होतो. तोंड उघडलं तर आवाज फुटेना, नुसती हवा आली. सुमनला दुसरी हाक का मारता येत नव्हती, ते मला तेव्हा कळलं. मग कसाबसा छातीतून ओढून मी तो काढला, सुमनची लय होती तीच, जिभेवर आपोआप आली... "मालूऽऽ..."

"ओऽऽ!" ती केवढ्यांदा ओरडली. पलीकडून त्याचा प्रतिध्वनी आला. मग ती वळली, पाणी उडवत बाहेर आली आणि माझं बोट धरून म्हणाली, "भाजी कसली केलीय आत्यानं?" घरी पोचेपर्यंत मी रडत होतो. अंधार होता, तिला दिसलं नसावं. सकाळी ताई एकटीच बार्शीला गेली. माझ्यावर चिडली, बापाला अक्कल नाही म्हणाली, आणि जाताना मालूच्या हातात शेंगदाण्याचे लाडू ठेवून गेली. मी साहेबांच्या हातापाया पडून कायमची पहिली पाळी मागून घेतली. कारण काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की संध्याकाळी मुलीला हाक मारावी लागते. ते हो म्हणाले.

या गोष्टीला आता महिना होत आला. अनसाबाईंच्या ओसरीवरची झोळी सरूबाईंनी सोडून ठेवली आहे. पोरं पांगली, कुणी कुठं, कुणी कुठं. रहीमभाई आता मला गप्पांत गुंतवत नाही, हवा भरतो आणि "नाव गाठा, भाऊ" म्हणून पिटाळतो. तिन्हीसांजेला आम्ही दोघं काठावर जातो. मालू पुढे उभी राहते, परकर कोरडा. मी तिच्या मागे, अनसाबाई उभ्या राहायच्या तिथं. मला काही ऐकू येत नाही, मी फक्त तिच्या मानेकडे बघतो. मान एकदा वर होते, मग थोड्या वेळानं पुन्हा होते, आणि मग मी माझं काम करतो.

परवा मात्र तिची मान वर व्हायच्या आधी माझीच झाली. पलीकडून, अगदी कानाशी आल्यासारखं, कुणीतरी म्हणालं, "भाऊ..." मी ओठ घट्ट मिटून घेतले. मालूनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मला पूर्ण निरखून घेतलं आणि पुन्हा नदीकडे तोंड केलं. मग तिनं, या गावात शिकलेल्या पक्क्या आवाजात, मला हाक मारली. "बाबाऽऽ..." आणि पुन्हा एकदा, "बाबाऽऽ..."

मी ओ दिली.